टिम डंकन : न झालेल्या बास्केटची नोंद कोण ठेवणार?

१/
११ जुलै २०१६. सॅन अँटोनियो स्पर्स या संघाने एक छोटेसे पत्रक काढले : टिम डंकन निवृत्त होत आहे. एकोणीस हंगाम, पाच विजेतेपदे, आयुष्यभर एकच संघ. आणि निरोप असा की ना भरगच्च पत्रकार परिषद, ना अखेरच्या हंगामाची आगाऊ घोषणा, ना शहरोशहरी सत्कार. तीनच महिन्यांपूर्वी, १३ एप्रिलला, कोबी ब्रायंटने लॉस एंजेलिसमध्ये आपल्या अखेरच्या सामन्यात ६० गुण नोंदवून मैदान सोडले होते. त्याने निवृत्तीची घोषणाही कवितेतून केली होती.

२/
मित्रहो, आजचा धागा या दोन निरोपांत डावे-उजवे ठरवण्यासाठी नाही. प्रश्न असा आहे की डंकनचा वारसा नेमका कशात आहे? रूढ उत्तर ठाऊक आहे : शिस्त, साधेपणा, बोर्डाला लागून अलगद रिंगमध्ये उतरणारा तो चेंडू, पाच विजेतेपदे. हे सारे खरेच. परंतु माझे मत असे, की डंकन आधी बचावपटू होता, बाकी सारे नंतर. आणि त्याचा बचाव कमी लेखला गेला याचे मूळ त्याच्या खेळात नसून आपल्या साधनांत आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दुखणे चांगलेच ओळखीचे असते.

३/
आधी थोडक्यात चरित्र. जन्म २५ एप्रिल १९७६, कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावर. हे बेट अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांपैकी एक. लहानपणी तो जलतरणपटू होता. बहीण ट्रिशिया १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहली होती. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्युगो चक्रीवादळाने बेटावरचा मोठा तरणतलाव उद्ध्वस्त केला. पुढच्या वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कर्करोगाने गेली. बास्केटबॉल त्याने गंभीरपणे हाती घेतला तो त्यानंतर, नववीत असताना.

४/
वेक फॉरेस्ट विद्यापीठात तो पूर्ण चार वर्षे राहिला आणि मानसशास्त्राचा पदवीधर झाला. गुणी खेळाडू शिक्षण अर्धवट टाकून व्यावसायिक लीगकडे वळू लागले होते, तो हा काळ. आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी : विद्यार्थिदशेत त्याने मानसशास्त्रावरील एका ग्रंथातील प्रकरणाचे सहलेखन केले. विषय होता, बढाईखोर आणि आत्मप्रौढ माणसांबद्दल इतरांना काय वाटते! १९९७ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, स्पर्सने त्याला पहिल्याच क्रमांकावर घेतले.

५/
आता खातेवही उघडू. विजेतेपदे १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तीन वेळा. लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू २००२ आणि २००३ मध्ये. नियमित हंगामांत २६,४९६ गुण, १५,०९१ रिबाउंड, ३,०२० ब्लॉक. एकोणीसपैकी प्रत्येक हंगामात त्याचा संघ प्लेऑफमध्ये पोहोचला. लीगच्या सर्वोत्तम बचाव संघांत त्याची निवड पंधरा वेळा झाली : आठदा पहिल्या संघात, सातदा दुसऱ्या. आणि ‘वर्षातील सर्वोत्तम बचावपटू’ हा पुरस्कार? एकदाही नाही.

६/
हा विरोधाभास उलगडण्यापूर्वी एक घरगुती दाखला. शाळेच्या संघात मी राखीव खेळाडू. त्यामुळे बाकावर बसून स्कोअरशीट न्याहाळण्याचा मला भरपूर सराव. आमच्यातला सर्वात चिवट बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य खेळाडूला अर्धा सामना चेंडू घेऊ देत नसे. सामना संपल्यावर कागद पाहिला, तर त्याच्या नावापुढे शून्य गुण आणि चार फाउल. त्या कागदावर गुण आणि फाउल या दोनच गोष्टींना जागा होती. म्हणजे बचावपटूची लेखी ओळख उरली ती केवळ अपराधी म्हणून. तो कागद मी आजही विसरलेलो नाही.

७/
एनबीएची खातेवही अर्थातच शाळेच्या कागदाहून समृद्ध आहे. पण तिचाही इतिहास आहे. ब्लॉक आणि स्टील या दोन रकान्यांची अधिकृत नोंद तेथे १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. बोस्टनचा बिल रसेल १९५६ ते १९६९ खेळला, अकरा विजेतेपदे जिंकला आणि बचावाचा महामेरू म्हणून ओळखला गेला. पण त्याच्या ब्लॉकची अधिकृत संख्या अस्तित्वातच नाही. करीम अब्दुल-जब्बारच्या पहिल्या चार हंगामांचेही तसेच. ब्लॉकच्या सर्वकालीन यादीत डंकन पाचवा म्हणून निवृत्त झाला, हे वाचताना ती यादी कोठून सुरू होते तेही पाहायला हवे.

८/
रकाना भरला म्हणजे अर्थ कळला, असेही नाही. एका खेळाडूने उंच उडी घेऊन चेंडू प्रेक्षकांत भिरकावला : एक ब्लॉक. स्टेडियम दुमदुमते, चेंडू मात्र पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच जातो. दुसऱ्याने जेमतेम पाय उचलून, बोटांनी चेंडूची दिशा बदलून तो सहकाऱ्याकडे वळवला : एक ब्लॉक. कागदावर दोन्ही सारखे. रसेलची ख्याती या दुसऱ्या प्रकाराची, आणि डंकनचा पिंडही तोच. तिसरा प्रकार सर्वात महत्त्वाचा : उंच बचावपटू जागेवर उभा आहे हे पाहून फटकाच न मारता चेंडू मागे फिरवणे. त्याला रकाना नाही.

९/
डंकन प्रत्यक्षात काय करीत असे? आधुनिक बास्केटबॉलची मूळ चाल म्हणजे पिक अँड रोल. आक्रमक संघाचा एक उंच खेळाडू, चेंडू असलेल्या गार्डच्या पाठलागावरील बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. गार्ड निसटतो आणि तो उंच खेळाडू रिंगकडे धावतो. आता मागे असलेल्या एकट्या बचावपटूसमोर दोघे येतात. गार्डवर तुटून पडावे तर चेंडू मागे जातो. त्याला सोडावे तर तो सरळ रिंगखाली येतो. निर्णयासाठी अवधी मिळतो तो एखाद्या सेकंदाचा.

१०/
डंकन यांपैकी काहीच घाईने करीत नसे. दोन पावले मागे सरून, हात पसरून, तो दोघांच्या मधल्या जागेवर हक्क सांगे. गार्डला वाटे, रस्ता मोकळा आहे. पण त्या रस्त्याच्या टोकाला सहा फूट अकरा इंचांचा माणूस उभा असे. पास द्यावा तर लांब हात आडवे. शेवटी गार्ड थांबून मधल्या अंतरावरून अवघड फटका मारी, आणि स्पर्सला नेमके तेच हवे असे. रिंगखालची सोपी बास्केट आणि कोपऱ्यातला तीन गुणांचा फटका या दोन मौल्यवान जागा बंद करायच्या आणि मधला भाग उदारपणे देऊन टाकायचा, ही प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांची व्यूहरचना होती. तिचा पाया मात्र डंकन होता.

११/
या पायाचा लाभ इतरांच्या खात्यावर जमा झाला. ब्रूस बोवेनसारखा बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला चिकटून खेळू शके, कारण चुकून मागे पडलाच तर मागे डंकन होता. टोनी पार्करसारख्या लहानखुऱ्या गार्डच्या बचावातील उणिवा झाकल्या जात. आपण कबड्डी पाहणारी माणसे. आपल्याला हे समजायला अडचण नसावी. कोपरारक्षक जबरदस्त असला की चढाईपटू त्या बाजूला पायच टाकत नाही. चढाई रिकामी जाते आणि गुणफलकावर त्या कोपरारक्षकाचे नाव येत नाही.

१२/
फाउलचेही असेच. उंच बचावपटूचा मोठा शत्रू असतो त्याचा स्वतःचा उतावीळपणा. हूल दिली की तो उडी मारतो, फाउल होतो, आणि दोन-तीन फाउल झाले की बाकावर जाऊन बसतो. डंकन क्वचितच असा उडे. हात सरळ वर, छाती समोर, पाय जमिनीवर. शकील ओनीलने त्याला जे टोपणनाव दिले त्याचा अर्थ साधारण ‘मूलतत्त्वांचा महापुरुष’ असा होतो. गौरवाचेच नाव ते. पण नकळत त्याने नुकसानही केले. मूलतत्त्वे म्हटली की लोकांना वाटते, हे तर कुणालाही जमेल.

१३/
डंकनचे कर्तृत्व कागदालाही लपवता आले नाही, असे प्रसंगही आहेत. २००३ ची अंतिम मालिका, न्यू जर्सी नेट्सविरुद्ध सहावा सामना. डंकन : २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट, ८ ब्लॉक. आणखी दोन ब्लॉक झाले असते तर चार रकान्यांत दोन आकडी संख्या झाली असती. अंतिम मालिकेत तसे कुणालाच साधलेले नाही. त्या सहा सामन्यांच्या मालिकेत त्याने एकूण ३२ ब्लॉक केले. प्लेऑफमधील त्याच्या कारकिर्दीचे एकूण ब्लॉक ५६८, म्हणजे विक्रम. आणि गंमत अशी, की नियमित हंगामात ब्लॉकच्या सरासरीत तो एकदाही लीगमध्ये पहिला आला नाही.

१४/
आता पुरस्काराकडे वळू. डंकनच्या एकोणीस हंगामांत सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार अकरा वेगवेगळ्या खेळाडूंना मिळाला : मुटोम्बो, मोर्निंग, बेन वॉलेस, आर्टेस्ट, कॅम्बी, गार्नेट, हॉवर्ड, चँडलर, मार्क गसोल, नोआ आणि लेनर्ड. यांतले काही निर्विवाद थोर. वॉलेसचे चार पुरस्कार मी कुणाकडूनही काढून घेणार नाही. पण अकरांत जागा नाही आणि पंधरा वेळा बचाव संघात जागा आहे, हे एकाच माणसाबाबत कसे घडते?

१५/
येथे साक्षीदार कोण, हा प्रश्न विचारावा लागतो. सर्वोत्तम बचावपटू निवडत ते पत्रकार आणि समालोचक. बचाव संघ मात्र २०१३ पर्यंत लीगचे मुख्य प्रशिक्षक निवडत, आणि त्यांना स्वतःच्या खेळाडूला मत देता येत नसे. म्हणजे डंकनच्या पंधरांपैकी चौदा निवडी अशा लोकांनी केल्या, ज्यांना त्याच्याविरुद्ध डाव आखावा लागत होता. या दोन साक्षी नेहमी जुळतही नसत. २०१३ मध्ये मार्क गसोल पत्रकारांच्या मते सर्वोत्तम बचावपटू ठरला. प्रशिक्षकांनी त्याला बचावाच्या दुसऱ्या संघात बसवले!

१६/
प्रेक्षक चेंडूमागे जातो. पत्रकारही पुष्कळदा चेंडूमागे जातो. विरोधी प्रशिक्षक मात्र पहाटेपर्यंत चित्रफिती पाहताना स्वतःला विचारतो : आमचा गार्ड येथे का थांबला? हा पास का दिला नाही? त्या ‘का’चे उत्तर वारंवार डंकन असे. इतिहासात आपण शत्रूच्या गोटातील पत्रांना मोल देतो ते याच कारणाने. स्तुती करण्याची ज्याला गरज नाही, त्याने घेतलेली दखल अधिक वजनाची असते.

१७/
पण एकाच बाजूची कागदपत्रे मांडणे हा अप्रामाणिकपणा होईल, म्हणून विरुद्ध पुरावा. एक : बचाव संघ निवडताना जागांनुसार मते पडत. डंकन खेळे सेंटरसारखा, पण नोंद होती फॉरवर्ड म्हणून. त्यामुळे मुटोम्बो-वॉलेस यांच्याशी त्याची थेट टक्कर टळली. दोन : प्रशिक्षकही माणसेच, जुन्या कीर्तीला मत देण्याची सवय त्यांनाही असते. तीन : पुरस्कार एका वर्षाच्या शिखराला मिळतो, आणि एखाद्या वर्षी दुसऱ्याचे शिखर खरोखरच उंच असू शकते. हे तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत. म्हणून ‘डंकनवर दरवर्षी अन्याय झाला’ असे मी म्हणत नाही.

१८/
मी म्हणतो ते एवढेच, की शिखरे मोजणारी पट्टी पठार मोजायला चालत नाही. डंकनच्या पहिल्या अकरा हंगामांत स्पर्सचा बचाव सातत्याने लीगच्या अग्रभागी राहिला. या काळात रिंगखालचे सोबती बदलले. डेव्हिड रॉबिन्सन २००३ मध्ये निवृत्त झाला. नियमही बदलले : २००१ मध्ये क्षेत्ररक्षणाच्या पद्धतीला मोकळीक मिळाली, २००४ पासून हात लावून गार्डला रोखण्यावर कडक बंधने आली. पुढे तीन गुणांच्या फटक्यांनी खेळाचा नकाशाच बदलला. २०१५ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, डंकन पुन्हा बचाव संघात होता. आणि २०१५-१६ च्या त्याच्या अखेरच्या हंगामात स्पर्सने ६७ सामने जिंकले.

१९/
‘हे श्रेय पोपोविच यांच्या पद्धतीचे नाही का?’ हा प्रश्न रास्त आहे. डंकन गेल्यानंतरच्या वर्षीही स्पर्सने ६१ सामने जिंकले आणि त्यांचा बचाव लीगमधील सर्वोत्तमांत राहिला. माझ्या मताविरुद्धचा सर्वात भक्कम पुरावा हाच. पण १९९६-९७ मध्ये, डंकन येण्याआधी, याच संघाने ८२ पैकी २० सामने जिंकले होते. तो आल्यावर ५६ जिंकले. अर्थात रॉबिन्सन दुखापतीतून परतला, तोही त्याच वर्षी. म्हणजे एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. माझे अनुमान असे : पद्धत घडली ती डंकनला मध्यभागी ठेवून, आणि एकोणीस वर्षांत ती इतकी मुरली की पुढे काही काळ त्याच्यावाचूनही चालली. संस्था संस्थापकानंतर टिकली, याचा अर्थ संस्थापक अनावश्यक होता असा होत नाही.

२०/
इतिहासाला प्रयोगशाळा नसते, असे आपण म्हणतो. डंकनच्या बाबतीत मात्र एकदा काही सेकंदांचा प्रयोग झाला. १८ जून २०१३, मायामी, अंतिम मालिकेचा सहावा सामना. स्पर्स मालिकेत ३-२ ने पुढे. अर्धा मिनिटही उरले नाही आणि पाच गुणांची आघाडी. प्रतिस्पर्धी तीन गुणांचे फटके मारणार हे उघड होते. बाहेरच्या रेषेवर चपळ खेळाडू हवेत म्हणून पोपोविच यांनी डंकनला बाकावर बसवले. त्या रात्री त्याच्या नावावर ३० गुण आणि १७ रिबाउंड होते.

२१/
पुढे काय झाले ते बास्केटबॉलप्रेमींना तोंडपाठ आहे. आघाडी तीन गुणांवर आली. लेब्रॉन जेम्सचा फटका चुकला. रिंगपाशी चेंडू उसळला आणि डंकन जेथे असता, तेथे तो नव्हता. ख्रिस बॉशने चेंडू मिळवून कोपऱ्याकडे सरकणाऱ्या रे ॲलनला दिला. ५.२ सेकंद शिल्लक असताना तीन गुण, बरोबरी. जादा वेळेत स्पर्स १०३-१०० ने हरले. डंकन असता तर तो रिबाउंड मिळालाच असता, असे कुणी शपथेवर सांगू शकत नाही. पोपोविच यांच्या निर्णयालाही तर्क होता. पण ज्याच्या उपस्थितीची नोंद होत नव्हती, त्याची अनुपस्थिती तेवढी साऱ्या जगाने पाहिली.

२२/
दोन दिवसांनी सातव्या सामन्यात, शेवटच्या मिनिटात बरोबरी साधण्याची संधी खुद्द डंकनकडे आली. रिंगच्या अगदी जवळून त्याचा फटका हुकला. मागे धावत जाऊन त्याने दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. निर्विकार म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाचे हे दुर्मिळ चित्र. पण चित्र नीट पाहा : हात आपटले ते बचावाच्या पवित्र्यात बसून. फटका हुकल्याचे दुःख करायलाही तो आधी आपल्या जागेवर परतला होता. पुढच्या वर्षी त्याच मायामीला स्पर्सने ४-१ ने हरवले आणि पाचवे विजेतेपद मिळाले.

२३/
मग त्याला कमी लेखले गेले ते का? अबोल माणसे साधने कमी मागे ठेवतात. जो बोलतो, भांडतो, लिहितो, त्याचे चरित्र सोपे. बखरीत लढाई सविस्तर येते. पण ज्या किल्ल्यावर धान्य, दारूगोळा आणि पाणी वेळच्या वेळी भरले असल्याने शत्रू फिरकलाच नाही, त्याची हकिगत शोधायला जमाखर्चाचे रुक्ष कागद चाळावे लागतात. डंकनचा बचाव हा असा न लढवाव्या लागलेल्या किल्ल्याचा इतिहास आहे.

२४/
निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पोपोविच डंकनचे चित्र असलेला सदरा घालून माध्यमांसमोर आले आणि गहिवरले. डंकनच्या वडिलांना त्यांनी एकदा शब्द दिला होता, की कारकीर्द संपेल तेव्हाही हा मुलगा आज आहे तसाच असेल. तो शब्द पाळला गेला, असे ते म्हणाले. २०२० मध्ये हॉल ऑफ फेमसाठी कोबी, केव्हिन गार्नेट आणि डंकन यांची नावे एकाच तुकडीत जाहीर झाली. कोबी तोवर हे जग सोडून गेला होता. एकाच पिढीचे तीन थोर, आणि तिघांच्या स्मरणाच्या तीन तऱ्हा.

२५/
माझा निष्कर्ष असा. गुण आणि विजेतेपदांनी डंकन थोरांच्या पंक्तीत बसतो. बचावाने तो त्या पंक्तीतही वेगळा ठरतो. बिल रसेलनंतर इतका दीर्घकाळ, इतक्या बदलत्या नियमांत, संघाच्या यशाचा पाया बचावातून रचणारा दुसरा खेळाडू मला दिसत नाही. मतभेद असतील तर अवश्य मांडा. फक्त मांडताना पुरस्कारांच्या यादीवर थांबू नका.

२६/
आणि एक विनंती. पुढचा सामना पाहाल, मग तो एनबीएचा असो वा तुमच्या महाविद्यालयाच्या मैदानावरचा, तेव्हा पाच मिनिटे चेंडूवरची नजर काढून घ्या. रिंगखालच्या बचावपटूकडे पाहा. कोण त्याच्याकडे यायला निघून परत फिरले, ते मोजा. त्या पाच मिनिटांची नोंद दुसऱ्या कुणाकडेही नसेल. आमच्या शाळेच्या त्या कागदावर मी ती तेव्हा केली नाही, याची खंत आहे. म्हणून हा धागा.